धरून ठेवलेलं पाणी

खारवण्याच्या खाडीत भरती वेळेवर येईनाशी झाली, तेव्हा तिचं सगळ्यात जास्त कौतुक बायकांनीच केलं.

ओहोटी तशी वेळेवरच व्हायची. खाडीच्या मधोमध वाळूचा लांबडा पट्टा उघडा पडायचा, त्याला गावात मधली पुळण म्हणतात. बायका टोपल्या आणि कोयत्या घेऊन गुडघाभर पाण्यातून तिथे जायच्या आणि उकिडव्या बसून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, उकरायच्या. पण पाणी फिरायची वेळ झाली तरी ते आपलं लांबच. जणू कुणी त्याला दारात थांबवून घरच्यांची खुशाली विचारत होतं.

"जावई रुसला वाटतं," द्वारकाबाई म्हणायच्या, आणि पुळणभर हसू पसरायचं.

जावई म्हणजे खाडीच्या तोंडाशी, समुद्रात उभं केलेलं यंत्र. सरकारदरबारी त्याचं नाव 'भरती-ओहोटी ऊर्जा प्रात्यक्षिक प्रकल्प' असं तोंडभर होतं. बायकांनी त्याचा जावई करून टाकला. मान मोठा, काम कधी करेल आणि कधी नुसता उभा राहील याचा नेम नाही, आणि वाकडं बोलायची सोय नाही.

या जावयाची उठबस करणारी मुलगी मात्र गावचीच होती. प्रणिता डोर्लेकर. बंदरावरच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात आता नियंत्रण कक्ष होता, आणि ती तिथली मुख्य चालक होती. लहानपणी ज्या खिडकीतून ती बर्फाचे तुकडे मागायची, त्याच खिडकीशी आता तिची खुर्ची होती.

यंत्राची कल्पना समजायला तशी सोपी. खाडीच्या अरुंद तोंडात खांबांची रांग, आणि दोन-दोन खांबांच्या मध्ये उंच पाती. पाणी आत येताना ती फिरतात, बाहेर जाताना उलटी फिरतात, दोन्ही वेळेला वीज. होड्यांसाठी एक वाट मोकळी ठेवलेली. पाती पाण्याच्या धारेला तिरपी धरली की पाणी सहज जातं, सपाट धरली की अडतं. कधी तिरपी आणि कधी सपाट, हे ठरवायला एक संगणक होता. त्याला फक्त एवढंच सांगितलेलं होतं: मिळेल तितकी जास्त वीज काढ, आणि रोजच्या अनुभवातून शीक.

तो शिकला. वाहत्या पाण्याची एक गंमत आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे तासभर रेंगाळणाऱ्या पाण्यापेक्षा थोडाच वेळ धावणारं पाणी फायद्याचं. भरती सुरू होताना पाणी रेंगाळतं. मग संगणकानं काय करावं? भरती लागली की पाती सपाट करून तो पाणी बाहेरच अडवून धरायला लागला. बाहेर समुद्र चढतोय, आत खाडी कोरडी. चांगला अर्धा तास असं तटवलं, की मग पाती एकदम तिरपी करायची. पाणी उसळून आत येई आणि वीज अशी निघे की पडद्यावरची रेघ वरच्या कडेला जाऊन टेकावी.

हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. प्रणितानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता, कौतुकाचा.

तिनं ते प्रकल्पप्रमुख डॉ. शहनाज मुकादम यांना दाखवलं. मुकादम मॅडम दापोलीकडच्या, समुद्राकाठीच वाढलेल्या.

"हुशार आहे," त्या म्हणाल्या. "पण प्रणिता, आतमध्ये माणसं असतात. पुळणीवरच्या बायकांना सांग, पाणी आलं नाही तरी जुन्याच वेळेला परत फिरायचं. अगदी न चुकता. मी पाणी मोजायची व्यवस्था करते, तोवर कुणी जास्त थांबायचं नाही."

"सांगते, मॅडम."

आणि तिनं सांगितलं. फक्त उलटं सांगितलं.

त्याला कारण होती तिची वयनी. प्रणिता शाळेत असतानाच तिची आई गेली. दादा बोटीवर, अर्धं वर्ष गुजरातच्या पाण्यात. नव्या नवरीच्या हातची मेंदी पुरती उतरायच्या आत रंजना वयनीच्या पदरात ही नणंद पडली. वयनीनं तिच्या वेण्या घातल्या, तिला तापात मांडीवर घेतलं, आणि पुळणीवरच्या तिसऱ्या विकून शिकवलं. पुढे प्रकल्प आला. बायका बिथरल्या, पुळण बुडणार म्हणाल्या. गावसभेत प्रकल्पाच्या बाजूनं बोलायला प्रणिता उभी राहिली, तेव्हा वयनी सगळ्यांदेखत म्हणाली, "शिकवली ती आम्हालाच शिकवायला."

त्या दिवसापासून वयनीचं बोलणं बंद. अगदी बंद नव्हे. जेवायला वाढायची, पण वाढताना भांड्यांशी बोलायची. "या ताटाला अजून भात हवाय का?" ताटानं उत्तर द्यायचं नसतं, म्हणून प्रणिता गप्प बसायची. दोन पावसाळे असे गेले.

म्हणून त्या संध्याकाळी मुकादम मॅडमचा निरोप घेऊन ती घरी आली, वयनी पडवीत टोपली धूत बसली होती, आणि प्रणिताच्या तोंडून भलतंच निघालं.

"वयनी, आता भरती अर्धा तास उशिरा येईल. रोज. मी सांगतेय म्हणून थांबलीस तरी चालेल."

वयनीनं मान वर केली. "पाणी काय तुझ्या ऐकण्यातलं हाय?"

"आहे थोडंसं," प्रणिता म्हणाली.

वयनीनं टोपली उपडी घातली, हात पदराला पुसले आणि कितीतरी दिवसांनी सरळ तिच्याकडे बघून म्हणाली, "बस. चहा ठेवते."

एवढ्यासाठी माणूस काय काय करतं!

पुळणीवर बायकांचं एक जुनं घड्याळ होतं, ते म्हणजे कुर्ल्या. वाळूत बोटभर भोकं करून राहणारे हे बारके खेकडे. ओहोटीला त्या बाहेर येऊन वाळूच्या गोळ्या वळत बसतात आणि पाणी यायच्या आधी आत जाऊन वाळूच्या गोळीनं दार लावून घेतात. त्यांना पाणी दिसावं लागत नाही. चंद्राची वेळ त्यांच्या अंगातच भिनलेली असते. कुर्ल्यांनी दारं लावली की बायकांनी उठायचं, अशी सासवांनी सुनांना दिलेली शिस्त होती. त्यावर कुणी कधी वाद घातला नव्हता.

पण आता कुर्ल्या दारं लावून बसायच्या आणि पाण्याचा पत्ता नाही.

"खुळ्या झाल्या गो," वयनी घरी येऊन सांगायची आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. "दार लावून बसल्यात, पाहुणा येईचना! द्वारका म्हणते, यांचंपण घड्याळ तुझ्या नणंदेकडे दुरुस्तीला टाक."

प्रणिताही हसायची. ताटात तिसऱ्यांची एकशिपी असायची, खोबरं घातलेली, आणि वयनी आता तिच्याशी बोलून वाढायची. "खा गो, चिमणीसारखी काय टिपतेस!" अशा घासाशी माणसाला आठवण होत नाही, की कुर्ल्यांचं घड्याळ बरोबर होतं आणि पाण्याचं बिघडवलेलं. की पूर्वी पाणी वाळूवरून गोगलगाईसारखं यायचं, पायाला ओलं लागलं की उठायला वेळ असायचा. आता मात्र ते येतं तेव्हा धावत येतं. हे तिला ठाऊक होतं. रोज पडद्यावर दिसत होतं. मॅडमना खरं सांगायचं, मॅडम वेळ बदलतील, मग वयनीलाही सांगायचं, असं ती रोज ठरवायची, आणि रोज एक दिवस पुढे ढकलायची.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस आला.

देशातल्या इतर खाड्यांवर असे जावई बसवायचे की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. दिल्लीहून पाहुणे हेलिकॉप्टरनं येणार होते. कार्यक्रम मुद्दाम पौर्णिमेच्या उधाणावर ठेवलेला, म्हणजे पाण्याला जोर. पौर्णिमेला ओहोटीचा तळ संध्याकाळी लागतो. त्यानंतर संगणक पाणी तटवणार, दिवेलागणीला सोडणार, आणि बाहेरची वीज तोडलेल्या खारवण्यात घराघरात समुद्राचे दिवे लागणार. बंदरावर मांडव होता. गावातल्या बायकांना नव्या साड्या नेसून मांडवात बसायचं आमंत्रण होतं.

आणि जेवणाचं पान गावचं असावं, तिसऱ्यांचं, ही सूचना प्रणिताची. ती वयनीला म्हणाली होती, "दिल्लीच्या लोकांना कळू दे आपली पुळण काय आहे."

"ताज्याच हव्यात मग," वयनी म्हणाली. "त्याच ओहोटीच्या. शिळ्या घालून तुझं नाव नाय घालवायचं मला."

संध्याकाळी पाहुणे आले, भाषणं लांबली, आणि समुद्रावर ढग जमायला लागले. तटवलेलं पाणी खांबांशी चढत होतं. अजून बराच वेळ थांबायचं होतं. तेवढ्यात मांडवातून मुकादम मॅडमचा फोन आला.

"प्रणिता, पायलट म्हणतोय, हवा बिघडतेय, आत्ता निघायला हवं. पाहुणे जेवायलाही थांबत नाहीत. दिवे बघितल्याशिवाय गेले तर सगळं फुकट. हातानं सोडता येईल?"

"येईल."

"पुळण मोकळी आहे ना?"

पुळणीवर रोखलेला कॅमेरा समोरच होता. मावळतं ऊन ओल्या वाळूवरून सरळ त्याच्या डोळ्यात येत होतं. पडद्यावर नुसता चकचकाट. त्या चकचकाटात काही काळे ठिपके होते. ते खडक असू शकत होते. पक्षी असू शकत होते. कॅमेरा फिरवून बघायला, खिडकी उघडून हाक मारायला फार वेळ लागला नसता. वयनी कुठे आहे हेही प्रणिताला माहीत होतं, कारण तिनंच तिला पाठवलं होतं. एवढा वेळ ती तिथे नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि वयनी 'नेहमीच्या वेळेपर्यंत' तिथेच असणार, हेही तिला त्याच क्षणी आतून कळत होतं, कारण नेहमीची वेळ तिनंच बदलून दिली होती.

"मोकळी आहे, मॅडम," ती म्हणाली आणि तिनं पाती तिरपी केली.

दिवे लागले. अजून उजेड होता, त्यामुळे ते फिकट आणि जरा वेडगळ दिसले, पण लागले. टाळ्यांचा आवाज बर्फाच्या कारखान्यापर्यंत आला. त्यामागोमाग दुसरा आवाज आला. तोही आधी टाळ्यांसारखाच वाटला.

तो बायकांचा होता.

पुळणीवर चौघी होत्या. तिघी धावल्या, पडल्या, छातीभर पाण्यातून एकमेकींचे पदर धरून काठाला लागल्या. वयनी टोपलीसाठी मागे वळली. ताज्या तिसऱ्यांनी भरलेली टोपली तशीच टाकायची तिला सवय नव्हती. पाण्यानं तिला उचललं आणि खाडीच्या आत नेऊन कालवांच्या खडकावर घातलं. कालवांच्या कडा म्हणजे फुटक्या काचा. वयनीनं तो खडक उजव्या हातानं धरून ठेवला, म्हणून ती वाचली. द्वारकाबाईंच्या मुलानं होडी घालून तिला काढलं, तेव्हा तिची बोटं खडकावरून एकेक करून सोडवावी लागली.

जीव राहिला. हात गेला. म्हणजे होता जागेवर, पण आतल्या शिरा तुटलेल्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दोनदा शिवला आणि मग सांगितलं, बोटं मिटणार नाहीत.

गावात संताप उसळला. मुकादम मॅडम स्वतः आल्या, बायकांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "यंत्र शिकत होतं," त्या म्हणाल्या. "शिकताना चुकलं. जबाबदारी माझी." पुळणीचा प्रश्न त्यांनी विचारला होता आणि उत्तर काय मिळालं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाहेर येऊन प्रणिताला एवढंच म्हणाल्या, "तुला दिसलं नाही. ऊन होतं. मला कळतं ते." आणि निघून गेल्या. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रणिताला वाटलं.

गावानं यंत्राला शिव्या घातल्या. जावई आता कुणी म्हणेना. आणि प्रणिताला? कुणी बोट लावलं नाही. उलट द्वारकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. "तू काय करणार बाय, यंतरच मेलं उलट्या काळजाचं."

वयनी घरी आली. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातानं तिला जमेना. भाताची शितं पदरात सांडायची आणि ती चिडायची. मग प्रणिता भरवायला लागली. दुपारचं ताट घेऊन समोर बसायचं, घास कालवायचा, वयनीनं तोंड उघडायचं. एकेकाळी हे उलटं होतं.

"उद्या सभा हाय म्हणे," वयनी एका दुपारी घास चावत म्हणाली. "यंतर काढायचं का ठेवायचं. मी जाणार. मी सांगणार त्यांना, आमच्या पोरीला कुणी काय बोलायचं नाय."

"वयनी, जेव आधी."

"खोटं काय? तू होतीस म्हणून पाणी आमच्यासाठी थांबायचं. त्या दिवशी यंतरानं आपल्या मनानं सोडलं. यंतराला काय माया?" तिनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं, मग आठवून मिटलं आणि म्हणाली, "तू असतीस ना त्या बटणावर, तर सोडलंच नसतंस."

प्रणिताच्या बोटांत घास होता. आंबट वरण-भाताचा, वयनीला आवडतो तसा. तो तोंडाकडे नेणं आणि गप्प बसणं, एवढंच करायचं होतं. उद्या सभा झाली असती, यंत्राला शिक्षा झाली असती आणि वयनी जन्मभर तिच्याशी बोलत राहिली असती.

"मीच होते," ती म्हणाली.

"कुठे?"

"बटणावर. यंत्र पाणी धरूनच बसलं होतं. मी सोडलं. मॅडमनी विचारलं, पुळण मोकळी आहे का? मी बघितलं नाही, आणि मोकळी आहे म्हटलं."

वयनीनं गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"आणि जास्त वेळ थांबू नका असा निरोप होता. कुर्ल्यांबरोबर उठायचं, असाच. मी तुला उलटा सांगितला."

"का गो?" वयनीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू बोलत नव्हतीस माझ्याशी."

वयनीनं तोंड मिटलं. प्रणितानं घास पुढे केला, पण तिनं मान फिरवली. डाव्या हातानं ताट आपल्याकडे ओढलं, मांडीशी घेतलं, आणि सवय नसलेल्या बोटांनी भात गोळा करायला लागली. निम्मा खाली पडला. तिनं तो पदरातून वेचून खाल्ला. घास हातात तसाच घेऊन प्रणिता बसून राहिली. शेवटी तो वाळून बोटांना चिकटला.

दुसऱ्या दिवशी सभेत प्रणितानं हे सगळं पुन्हा सांगितलं. मुकादम मॅडमनी खाली बघितलं. द्वारकाबाईंना तिच्या पाठीवरून फिरवलेला हात आठवला असावा, कारण त्या आपल्याच तळव्याकडे बघत होत्या. कुणी दगड मारला नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त ती उतरून चालायला लागली तेव्हा वाटेवरची माणसं बाजूला झाली, आणि वाट नको इतकी रुंद झाली.

चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं. संगणकाची सगळी शिकवण पुसून टाकली. पाती नेहमी तिरपीच ठेवायची ठरलं, मग वीज निम्मी निघाली तरी चालेल. पाणी पुन्हा वेळेवर, गोगलगाईसारखं यायला लागलं. घरात वयनी आता भांड्यांशीही बोलेनाशी झाली. दादा बोटीवरून येऊन गेला. दोघींच्या मधे बसून जेवला आणि काही न विचारता गेला.

पुढच्या उधाणाला, सकाळच्या ओहोटीला, प्रणितानं खुंटीवरची वयनीची टोपली आणि कोयती घेतली. वयनी बघत होती. नको म्हणाली नाही. पुळणीवर इतर बायकांनी तिच्यासाठी जागा केली नाही, हाकललंही नाही. ती कडेला उकिडवी बसली आणि उकरायला लागली. हातांना सवय राहिली नव्हती. शिंपल्यांच्या कडा बोटांना कापत होत्या आणि खारं पाणी त्यात झोंबत होतं.

काठावर, सुरूच्या झाडाखाली, गळ्यात हात बांधून वयनी येऊन उभी राहिली होती. पुळणीवर जाता येत नव्हतं, आणि घरात करमत नव्हतं.

कुर्ल्यांनी दारं लावायला घेतली. वाळूच्या गोळ्या सरकल्या आणि एकेक भोक मिटत गेलं. बायका उठल्या, टोपल्या डोक्यावर घेऊन चालायला लागल्या. आता कुणी हसत नव्हतं. प्रणिता उठली नाही. टोपली अर्धीही भरली नव्हती, हे एक. आणि दुसरं असं काही होतं की ज्याला तिनं नाव दिलं नाही. ती मान खाली घालून उकरत राहिली. पायाखालची वाळू ओली झाली. पाण्याची पहिली पातळ जीभ तिच्या टाचेला लागली आणि मागे गेली. पुन्हा आली.

"ए प्रणे!"

आवाज खाडीवरून आला, चिरका, रागानं फाटलेला.

"आंधळी झालीस काय गो? कुर्ल्या आत गेल्या, दिसत नाय तुला? ऊठ! टाक ती टोपली नि ऊठ!"

ही हाक वयनीनं कुणालाही मारली असती, द्वारकाला, परक्या बाईला, काठावर चुकलेल्या वासरालासुद्धा. प्रणिताला ते कळत होतं. ती उठली. टोपली तिथेच टाकली आणि पाण्यातून चालायला लागली. काठावर वयनी अजून ओरडतच होती. ते ओरडणं थांबू नये म्हणून प्रणिता, पाणी मागून येत असूनही, जरा हळूच चालली.